एचएप्रॉक्सीचं एक्स्टर्नल-चेक: स्वतःची हेल्थ-चेक स्क्रिप्ट लावली की कुठे कुठे अडतं

लोड बॅलन्सरचं निम्मं काम ट्रॅफिक वाटण्याचं, आणि निम्मं काम बंद पडलेला सर्व्हर वेळेत ओळखून बाजूला काढण्याचं. या दुसऱ्या कामासाठी एचएप्रॉक्सी या मोफत लोड बॅलन्सरमध्ये तयार चेक (सर्व्हर ठीक आहे का ते पाहणाऱ्या चाचण्या) भरपूर आहेत. नुसतं टीसीपी कनेक्शन लागतं का ते पाहणारा, एचटीटीपीचं उत्तर तपासणारा, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, रेडिस, एसएमटीपी, एलडॅप यांच्यासाठी वेगवेगळे. पण यांच्यातल्या कुणालाही सरळ विचारता येत नाही असा एक साधा प्रश्न उरतो: हा पोस्टग्रेस डेटाबेसचा सर्व्हर प्रायमरी, म्हणजे लिखाण घेणारा, आहे की रेप्लिका, म्हणजे त्याची फक्त वाचता येणारी प्रत? तयार पीजीएसक्यूएल-चेक समोरचा पोस्टग्रेसच्या भाषेत उत्तर देतो का एवढंच पाहतो, आणि रेप्लिकाही तितक्याच खुशीत उत्तर देते. लिहिण्याचं ट्रॅफिक रेप्लिकावर गेलं की ॲप्लिकेशनला ‘रीड-ओन्ली ट्रान्झॅक्शन’ची एरर येते, आणि डॅशबोर्डवर मात्र दोन्ही सर्व्हर हिरवे.

अशा वेळी उपयोगी पडतं ते एक्स्टर्नल-चेक. ही सोय १.६ आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०१५ पासून एचएप्रॉक्सीत आहे. तुमची स्वतःची स्क्रिप्ट एचएप्रॉक्सी ठरावीक वेळाने चालवतो. तिचा एक्झिट कोड (संपताना ती परत देते तो आकडा) शून्य आला तर सर्व्हर चांगला, दुसरा काहीही आला तर नापास. कल्पना इतकी सोपी आहे की वीस ओळींत काम होईल असं वाटतं, आणि स्क्रिप्ट खरोखरच वीस ओळींची होते. वेळ जातो तो ती एचएप्रॉक्सीच्या हाताखाली चालवण्यात. टर्मिनलमध्ये नीट चालणारी स्क्रिप्ट इथे पहिल्या फटक्यात क्वचितच चालते.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. सोय भरवशाची आहे, फुकट आहे आणि जे करायचं म्हणते ते करते. पण बिघाड झाला की ती फार थोडं बोलते, आणि जे बोलते ते कसं वाचायचं हे मॅन्युअलमध्ये एका जागी कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून पाचपैकी साडेतीन. पुढचा सगळा तपशील उबंटूवरचं पॅकेज, २.२ किंवा नंतरची आवृत्ती आणि मागे पोस्टग्रेसची जोडी असं धरून दिला आहे.

मांडणी

कॉन्फिगमध्ये तीन जागी हात लावावा लागतो. ग्लोबल विभागात ‘एक्स्टर्नल-चेक’ आणि ‘इनसिक्युअर-फोर्क-वाँटेड’ अशा दोन ओळी. बॅकएंडमध्ये (मागचे सर्व्हर जिथे नोंदवतात त्या विभागात) ‘ऑप्शन एक्स्टर्नल-चेक’, मग ‘एक्स्टर्नल-चेक कमांड’ आणि पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पाथ, मग ‘एक्स्टर्नल-चेक पाथ’ आणि पुढे /यूएसआर/बिन, /बिन वगैरे. शेवटी प्रत्येक सर्व्हरच्या ओळीत ‘चेक’ हा शब्द. हा शेवटचा शब्द विसरला तर एचएप्रॉक्सी तक्रार करत नाही. चेक चालतच नाही आणि सर्व्हर कायम उपलब्ध धरला जातो. स्टॅट्स पानावर त्या सर्व्हरपुढे ‘नो चेक’ दिसलं तर कारण हेच.

ग्लोबलमधली पहिली ओळ राहिली तर एचएप्रॉक्सी सुरूच होत नाही, आणि काय राहिलं तेही स्पष्ट सांगतो. हे चांगलं आहे. दुसरी ओळ राहिली तर मात्र तो बिनबोभाट सुरू होतो आणि नंतर प्रत्येक चेक पडतो. २.२ पासून एचएप्रॉक्सी सुरू झाल्यावर नवी प्रोसेस काढायची बंदी स्वतःवरच घालून घेतो, म्हणजे कुणी आत शिरलंच तरी त्याला शेल उघडता येऊ नये. एक्स्टर्नल-चेकला प्रोसेस काढणं भागच असल्याने ती बंदी तुम्हाला आपल्या हाताने उठवावी लागते. लॉगमध्ये फोर्क (नवी प्रोसेस काढणं) जमलं नाही आणि बहुधा ‘इनसिक्युअर-फोर्क-वाँटेड’ नाही असा इशारा येतो, तो शोधा. बंदी उठवणं म्हणजे संरक्षणाचा एक थर काढणं आहे. थेट इंटरनेटला तोंड देणाऱ्या लोड बॅलन्सरवर हे करण्याआधी दुसरा मार्ग आहे का ते पाहावंच.

कॉन्फिग तपासण्याच्या कमांडवर इथे फार विसंबू नका. स्क्रिप्ट त्या पाथवर आहे का, तिला चालवण्याची परवानगी आहे का, यातलं काहीही ती पाहत नाही.

चार आर्ग्युमेंट आणि पहिला घोळ

एचएप्रॉक्सी स्क्रिप्टला चार आर्ग्युमेंट देतो: प्रॉक्सीचा पत्ता, प्रॉक्सीचा पोर्ट, सर्व्हरचा पत्ता, सर्व्हरचा पोर्ट. ज्याची चौकशी करायची तो तिसरा आणि चौथा. नवशिका माणूस साहजिकच पहिला आणि दुसरा घेतो. बॅकएंड विभागाला स्वतःचा ऐकणारा पोर्ट नसतो, त्यामुळे तिथे पहिल्या दोन जागी ‘नॉट-यूज्ड’ अशी अक्षरं येतात. स्क्रिप्ट मग ‘नॉट-यूज्ड’ नावाच्या होस्टला कनेक्ट करायला जाते आणि डीएनएसची एरर खाते. लिसन विभागात हीच चूक आणखी फसवी होते, कारण तिथे पहिल्या दोन जागी खरा पत्ता असतो. स्क्रिप्ट लोड बॅलन्सरच्याच पोर्टला कनेक्ट करते, मागचा कुठलातरी जिवंत सर्व्हर उत्तर देतो, आणि मेलेला सर्व्हरही पास होतो.

यावर उत्तम उपाय म्हणजे आर्ग्युमेंटच्या नादी न लागता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरणं. एचएप्रॉक्सी-सर्व्हर-ॲडर (पत्ता), सर्व्हर-पोर्ट, सर्व्हर-नेम, प्रॉक्सी-नेम, चालू कनेक्शनची संख्या हे सगळं त्यात मिळतं. स्क्रिप्ट वाचणाऱ्यालाही कळतं की कोणाची चौकशी चालली आहे.

पण त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये दुसरं जवळजवळ काहीच नसतं. तुमच्या शेलमधलं होम, लँग, यूजर यांपैकी काही पोचत नाही. पाथही तेवढाच, जेवढा तुम्ही कॉन्फिगमध्ये दिला. होमच्या भरवशावर पासवर्डची फाइल शोधणारी कुठलीही गोष्ट इथे बेभरवशाची होते.

कोड वाचायला शिका

चेक पडला की लॉगमध्ये सर्व्हर डाउन झाल्याची ओळ येते. तिच्यात ‘एक्स्टर्नल चेक एरर’, पुढे कोड आणि चेकला किती मिलिसेकंद लागले ते असतं. कोड आणि वेळ हे दोन आकडे एकत्र वाचले तर निदान बहुतेक वेळा तिथेच होतं. आम्हाला या सोयीतली सर्वात मोलाची गोष्ट हीच वाटते.

कोड २५५ आणि वेळ दोन-तीन मिलिसेकंद: तुमची स्क्रिप्ट सुरूच झालेली नाही. एचएप्रॉक्सीने प्रोसेस काढली, तिच्यात स्क्रिप्ट चढवायचा प्रयत्न केला, तो फसला आणि ती प्रोसेस उणे एक देऊन संपली. उणे एक आठ बिटांत २५५ दिसतो. इथे स्क्रिप्टच्या आत काय लिहिलंय ते वाचत बसण्यात अर्थ नाही. पाथ चुकला आहे, किंवा चालवण्याची परवानगी नाही, किंवा वरच्या एखाद्या डिरेक्टरीत एचएप्रॉक्सी यूजरला शिरता येत नाही, किंवा पहिल्या ओळीत दिलेला शेल तिथे नाही. शेवटचं कारण डोकं खातं, कारण एरर ‘नो सच फाइल’ अशी येते आणि फाइल तर समोर दिसत असते. नाही ती फाइल म्हणजे तुमची स्क्रिप्ट नव्हे, शेल. विंडोजवर सेव्ह केलेल्या स्क्रिप्टमध्ये हे हमखास होतं: पहिल्या ओळीच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटतं आणि ‘/बिन/एसएच’च्या जागी भलत्याच नावाचा शेल शोधला जातो. डॉस-टू-युनिक्स चालवली की प्रश्न सुटतो. अल्पाइनवरच्या डॉकर इमेजमध्ये बॅश नसतो, तिथेही २५५ च येतो.

कोड १२७: स्क्रिप्ट सुरू झाली, पण आतली शेवटची कमांड सापडली नाही. कारण जवळजवळ नेहमी पाथ. ‘एक्स्टर्नल-चेक पाथ’ची ओळ द्या, किंवा स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कमांडचा पूर्ण पाथ लिहा. १२६ आला तर कमांड सापडली, पण चालवायची परवानगी नाही.

कोड १, २ वगैरे: आता कुठे तुमच्या स्क्रिप्टचं किंवा तिने चालवलेल्या प्रोग्रॅमचं स्वतःचं मत ऐकू येतंय. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन क्लायंटला कनेक्शन जमलं नाही तर तो २ देतो. म्हणून आपल्या स्क्रिप्टचे कोड जरा लांबचे निवडावेत: कनेक्शन नाही लागलं तर ११, रेप्लिका निघाली तर १२, उत्तर अनपेक्षित आलं तर १३. रात्री दोन वाजता लॉग वाचणाऱ्याला ही एवढी सोय फार मदत करते, आणि हा कोड स्टॅट्समध्येही दिसतो.

‘एक्स्टर्नल चेक टाइमआउट’ असं आलं तर स्क्रिप्ट वेळेत संपली नाही आणि एचएप्रॉक्सीने तिला टर्म सिग्नल पाठवला. कोडच्या जागी उणे एक दिसला तर स्क्रिप्ट स्वतःहून संपली नाही, कुठल्यातरी सिग्नलने मेली. मेमरी संपल्यामुळे कर्नलने मारली का, ते डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, पाहा.

एक फसवा प्रकार या आकड्यांत दिसत नाही. उबंटूवर ‘/बिन/एसएच’ म्हणजे डॅश, बॅश नव्हे. पहिल्या ओळीत एसएच लिहून आत बॅशचे दुहेरी चौकोनी कंस वापरले तर डॅशला ते कळत नाहीत. अट खोटी ठरते, स्क्रिप्ट ‘एल्स’च्या फांदीत जाते आणि शिस्तीत १ देऊन संपते. लॉग म्हणतो सर्व्हर नापास, आणि सर्व्हर ठणठणीत असतो.

हाताने चालवायची तर तशाच परिस्थितीत

रूट म्हणून, आपल्या शेलमधून स्क्रिप्ट चालवून ‘माझ्याकडे तर चालते’ म्हणण्याला इथे काहीच किंमत नाही. एचएप्रॉक्सी जसा चालवेल तशीच चालवा. सुडोने एचएप्रॉक्सी यूजर घ्या, एन्व्ह कमांडला डॅश-आय देऊन सगळं एन्व्हायर्नमेंट रिकामं करा, त्याच ओळीत फक्त पाथ आणि एचएप्रॉक्सीचे जे व्हेरिएबल स्क्रिप्टला लागतात ते भरा, मग स्क्रिप्टचा पूर्ण पाथ आणि चार आर्ग्युमेंट: दोनदा ‘नॉट-यूज्ड’, सर्व्हरचा आयपी, पोर्ट. लगेच पुढच्या ओळीत एक्झिट कोड छापा. निम्मे घोळ याच पायरीवर उघडे पडतात.

आणि नापास होण्याची चाचणी आधी घ्या. पोर्टच्या जागी बंद असलेला पोर्ट द्या, सर्व्हरच्या जागी अस्तित्वात नसलेला आयपी द्या, रेप्लिकाचा पत्ता द्या. तिन्ही वेळा शून्याशिवाय कोड आला पाहिजे. शेलमध्ये ‘एक्झिट’ न लिहिता स्क्रिप्ट संपली तर शेवटच्या कमांडचा कोड स्क्रिप्टचा कोड होतो. ती शेवटची कमांड लॉगर (सिसलॉगमध्ये ओळ लिहिणारी) असेल तर सर्व्हर जन्मात डाउन होणार नाही. कधीही नापास न होणारा चेक हा चेक नसण्यापेक्षा वाईट, कारण सगळे त्याच्यावर विसंबून असतात.

सीएचरूट

डेबियन आणि उबंटूचं पॅकेज सोबत देतं त्या कॉन्फिगमध्ये सीएचरूटची ओळ असते आणि ती एचएप्रॉक्सीला /व्हार/लिब/एचएप्रॉक्सी या डिरेक्टरीत कोंडते. स्क्रिप्टही तिथेच कोंडली जाते. तिच्या दृष्टीने ती डिरेक्टरी म्हणजेच सगळं जग: तिथे /बिन नाही, शेल नाही, लायब्ररी नाहीत, /ईटीसी नाही. कोड अर्थातच २५५. वर सांगितलेली हाताने चालवायची पद्धतही इथे अपुरी पडते, सीएचरूट कमांडनेच त्या डिरेक्टरीत शिरून बघावं लागतं.

मार्ग तीन. पहिला, सीएचरूटची ओळ काढणं. आतल्या नेटवर्कमधल्या, फक्त डेटाबेसपुढे असलेल्या लोड बॅलन्सरवर बरेचजण हेच करतात आणि तिथे ते चालण्यासारखं आहे. दुसरा, लागणारं सगळं आत नेऊन ठेवणं. नुसती टीसीपी किंवा एचटीटीपी चौकशी असेल तर बिझीबॉक्स-स्टॅटिक हे पॅकेज घ्या. त्याची एकच फाइल आत टाकली की शेल, नेटकॅट, डब्ल्यूगेट सगळं मिळतं, लायब्ररी लागत नाहीत. पीएसक्यूएल मात्र असा आत नेऊ नका. एलडीडीने दिसणाऱ्या लायब्ररी एकेक करून आत नेता येतात खऱ्या, पण पुढच्या अपग्रेडला बाहेरच्या नव्या होतात आणि आतल्या जुन्याच राहतात. त्या कॉपीची आठवण सहा महिन्यांनी कुणालाच नसते. तिसरा मार्ग म्हणजे एक्स्टर्नल-चेक सोडून देणं, त्याबद्दल पुढे.

आत असताना होस्टची नावं वापरू नका, आयपीच द्या. नाव सोडवायला लागणाऱ्या फाइलीही आत नसतात. लॉगरचं तेवढं बरं आहे: पॅकेजने सिसलॉगचं सॉकेट सीएचरूटच्या आत डेव्ह/लॉग म्हणून उपलब्ध करून दिलेलं असतं.

रेड हॅटच्या घराण्यात, म्हणजे अल्मा, रॉकी वगैरेंवर, सीएचरूटसोबत एसईलिनक्सही (फाइलींच्या लेबलांवरून परवानगी ठरवणारी सुरक्षा-व्यवस्था) आडवं येतं. स्क्रिप्ट होम डिरेक्टरीत लिहून ‘एमव्ही’ने हलवली तर ती होमचंच लेबल घेऊन येते आणि एचएप्रॉक्सीला ती चालवू दिली जात नाही. परवानग्या डोळ्यांना अगदी बरोबर दिसतात. रिस्टोअरकॉन चालवून लेबल दुरुस्त करा. स्क्रिप्ट चालते पण कनेक्शन लागत नाही असं असेल तर ‘एचएप्रॉक्सी-कनेक्ट-एनी’ हा बूलियन पाहा. ऑसर्चमध्ये एव्हीसीच्या, म्हणजे एसईलिनक्सने नकार दिल्याच्या, ताज्या नोंदी काढल्या की कोणी अडवलं ते दिसतंच.

पोस्टग्रेसची स्क्रिप्ट कशी असावी

फक्त पीजी-इजरेडी पुरत नाही. तो कनेक्शन घेतलं जातंय का ते सांगतो, भूमिका सांगत नाही. पीएसक्यूएलने ‘पीजी-इज-इन-रिकव्हरी’ हे फंक्शन विचारायचं: प्रायमरीवर ‘एफ’ येतो, रेप्लिकावर ‘टी’. दोन्ही वेळा क्वेरी यशस्वीच असते, म्हणून पीएसक्यूएलचा एक्झिट कोड दोन्हीकडे शून्य. उत्तराची अक्षरं तपासलीच पाहिजेत. पर्याय असे द्या: पासवर्ड विचारू नको, पीएसक्यूएलआरसी वाचू नको, फक्त ओळी दे, रचना करू नको. म्हणजे डब्ल्यू लहान लिपीतला, एक्स मोठ्या, टी लहान, ए मोठ्या. पासवर्डचा पर्याय विसरलात तर तो प्रॉम्प्ट देऊन वाट पाहायचा धोका राहतो.

यासाठी वेगळा रोल करा, फक्त लॉगिनची परवानगी असलेला. हे फंक्शन चालवायला आणखी काहीच लागत नाही. पीजी-एचबीए या, कोण कुठून जोडू शकतो ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये लोड बॅलन्सरचा (स्टँडबाय असेल तर त्याचाही) आयपी घाला. पासवर्डच्या फाइलचा पाथ पीजीपासफाइल या व्हेरिएबलमध्ये स्क्रिप्टच्या आतच द्या. तिचा मालक एचएप्रॉक्सी यूजर आणि परवानगी ०६०० हवी. ग्रुपला वाचता येत असेल तर क्लायंट ती फाइल बाजूला ठेवतो आणि पासवर्ड नाही म्हणून कनेक्शन पडतं.

वेळेची मर्यादा दोनदा लावा. पीजीकनेक्ट-टाइमआउट २ सेकंद, हा फक्त कनेक्शन लागेपर्यंतचा. डिस्क अडकलेला सर्व्हर कनेक्शन घेतो आणि क्वेरीवर गप्प बसतो, तिथे हा व्हेरिएबल काही करत नाही. म्हणून सबंध पीएसक्यूएल ‘टाइमआउट’ कमांडखाली ३ सेकंदांनी बांधा. मुदत संपली की ती १२४ देते, तो कोड तसाच वर जाऊ द्या.

ही बाहेरची मर्यादा आणखी एका कारणासाठी लागते. एचएप्रॉक्सी टर्म सिग्नल फक्त स्क्रिप्टच्या शेलला पाठवतो. शेल मरतो, त्याने चालवलेला पीएसक्यूएल तसाच मागे राहतो. सर्व्हर तासभर अडकला तर असे शेकडो अनाथ पीएसक्यूएल साठतात आणि लोड बॅलन्सरवरची मेमरीही खातात. पीएसमध्ये पालक प्रोसेस १ असलेले पीएसक्यूएल दिसू लागले की समजा, आतली मर्यादा लावायची राहिली आहे.

एका बारीक गोष्टीने प्रायमरीच डाउन ठरू शकतो. मॅक्स-कनेक्शन्स डिफॉल्टला १०० असतात. ॲप्लिकेशनने ते भरले की चेकच्या रोललाही जागा मिळत नाही, कारण राखीव ३ जागा सुपरयूजरसाठी आहेत. चेक पडतो, प्रायमरी बाजूला निघतो, आणि जो सर्व्हर नुसता गर्दीत होता तो ट्रॅफिकच्या दृष्टीने मेला. चेकच्या रोलला सुपरयूजर करणं हा उपाय नव्हे. पोस्टग्रेस १६ पासून ‘रिझर्व्ह्ड-कनेक्शन्स’ आहे: दोन जागा राखा आणि रोलला त्या वापरायची परवानगी द्या.

इंटर, फॉल, राइझ

डिफॉल्ट इंटर २ सेकंद, फॉल (सलग किती नापास झाले की सर्व्हर डाउन) ३, राइझ (सलग किती पास झाले की परत अप) २. स्क्रिप्टसाठी २ सेकंद कमी पडतात, कारण इंटर हा दोन चेकमधला वेळ तर आहेच, शिवाय स्क्रिप्टला मिळणारी कमाल मुदतही तोच आहे. टाइमआउट-चेक आणि टाइमआउट-कनेक्ट दोन्ही दिलेले असतील तर इंटर आणि टाइमआउट-कनेक्ट यांतला जो लहान तो लागू होतो. टाइमआउट-चेकचा आकडा वाढवून काही फरक पडत नाही म्हणून गोंधळलेल्यांनी टाइमआउट-कनेक्टकडे पाहावं. इंटर ५ सेकंद, टाइमआउट-कनेक्ट ५ सेकंद, आतली मर्यादा ३ आणि फॉल ३ ठेवलं तर अडकलेला सर्व्हर १५ सेकंदांच्या आसपास बाहेर निघतो. डेटाबेससाठी हे पुरेसं आहे. याहून घाई केली तर व्हॅक्यूम किंवा बॅकअपच्या वेळी सर्व्हर वर-खाली होत राहतो.

सर्व्हर डाउन ठरल्यावर नवी कनेक्शन थांबतात, जुनी तशीच चालू राहतात. कनेक्शन पूल वापरणारं ॲप्लिकेशन मग जुन्या प्रायमरीलाच धरून बसतं. सर्व्हरच्या ओळीत ‘ऑन-मार्क्ड-डाउन शटडाउन-सेशन्स’ घालणं इथे ऐच्छिक समजू नये.

खर्चाचंही गणित करा. ४० सर्व्हर आणि २ सेकंदांचा इंटर म्हणजे सेकंदाला २० नव्या प्रोसेस, आणि त्यातली प्रत्येक पुढे पीएसक्यूएल, ग्रेप वगैरे काढणार. जोडीतला स्टँडबाय लोड बॅलन्सरही चेक चालवतच असतो, म्हणून डेटाबेसच्या बाजूने सगळं दुप्पट: २ सेकंदांच्या इंटरला प्रत्येक डेटाबेसवर मिनिटाला ६० लॉगिन. कनेक्शनची नोंद चालू असेल तर पोस्टग्रेसचा लॉग यानेच भरतो. चार-सहा सर्व्हरसाठी सोय उत्तम, पन्नाससाठी नको.

दिसावं कसं

स्क्रिप्टने छापलेलं काहीही एचएप्रॉक्सीच्या लॉगमध्ये येत नाही. आमची मोठी तक्रार हीच आहे. कोडसोबत स्क्रिप्टची शेवटची एक ओळ लॉगमध्ये घेतली असती तर वरचं अर्धं लिखाण अनावश्यक झालं असतं. तोवर लॉगर वापरा, आणि फक्त नापास झाल्यावरच लिहा. ‘ऑप्शन लॉग-हेल्थ-चेक्स’ लावा म्हणजे सर्व्हर पूर्ण डाउन होण्याआधीचे एकेकटे नापासही नोंदले जातात. स्टॅट्स सॉकेटला सोकॅटने ‘शो स्टॅट’ विचारलं की चेकची स्थिती, कोड आणि कालावधी असे वेगळे रकाने मिळतात. तिथे ‘प्रॉक-एरर’ म्हणजे कोड नापास, ‘प्रॉक-टाइमआउट’ म्हणजे मुदत संपली, ‘सॉक-एरर’ दिसला तर फोर्कच झालेला नाही.

सगळे सर्व्हर एकाच क्षणी डाउन झाले तर सर्व्हरकडे धावू नका. चूक जवळजवळ नक्की लोड बॅलन्सरच्या बाजूला आहे: पासवर्ड बदलला, फाइलची परवानगी बदलली, अपग्रेडमध्ये पीएसक्यूएलचा पाथ हलला. याच्या उलट, दोन्ही सर्व्हर ‘एफ’ म्हणू लागले तर दोघेही प्रायमरी झाले आहेत आणि चेकच्या लेखी सगळं उत्तम आहे. दोन प्रायमरी होऊ न देणं स्क्रिप्टच्या आवाक्यात नाही. ते पॅट्रोनीसारख्या, प्रायमरी कोण ते ठरवणाऱ्या साधनाचं काम.

दुसरं काय घेता येईल

डेटाबेसच्या मशीनवर काही बसवण्याची मुभा असेल तर एक्स्टर्नल-चेक वापरूच नका. पॅट्रोनी असेल तर त्याचा आरईएसटी एपीआय ८००८ पोर्टवर आहे: ‘/प्रायमरी’ला प्रायमरी २०० देतो, बाकीचे ५०३. साधा एचटीटीपी-चेक त्या पोर्टवर वळवला की फोर्क नको, सीएचरूटची कटकट नको, पासवर्डही नको. पॅट्रोनी नसेल तर एजंट-चेक: सर्व्हरवरचा छोटा प्रोग्रॅम कनेक्शन आलं की ‘अप’, ‘डाउन’, ‘ड्रेन’ किंवा ‘७५%’ अशी एक ओळ पाठवतो. ओळीच्या शेवटी न्यूलाइन हवीच. टक्क्यांनी वजनही बदलतं, जे एक्स्टर्नल-चेकला जमत नाही. एक्स्टर्नल-चेक राखून ठेवा अशा मशीनसाठी, जिथे तुम्हाला हात लावता येत नाही: दुसऱ्या विभागाचा डेटाबेस, बंद पेटीतलं उपकरण, जुनं सॉफ्टवेअर.

कीपअलाइव्हड या दुसऱ्या लोड बॅलन्सिंगच्या साधनातला मिस्क-चेक याचाच भाऊ. तिथे मिस्क-डायनॅमिक लावलं तर २ ते २५५ हे कोड नापास धरले जात नाहीत. कोडमधून दोन वजा करून जो आकडा येतो ते सर्व्हरचं वजन होतं. आपले ११, १२, १३ घेऊन तीच स्क्रिप्ट तिथे लावली तर रेप्लिका वजन १० घेऊन पास होईल. तिथे नापास म्हणजे फक्त १.

एफ-फाइव्हच्या बिग-आयपी या लोड बॅलन्सरवरून स्क्रिप्ट आणणाऱ्यांनी तर ती नव्यानेच लिहावी. तिथे एक्झिट कोड कोणी पाहत नाही. स्टँडर्ड आउटपुटवर काहीही छापलं की सर्व्हर अप, मुदतीत काहीच छापलं नाही तर डाउन. त्या स्क्रिप्ट बहुधा शेवटी शून्यच देतात, त्यामुळे एचएप्रॉक्सीवर प्रत्येक सर्व्हर कायम अप. पत्ताही तिथे पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये येतो, आणि आयपीव्ही-फोर असला तरी पुढे ‘::एफएफएफएफ:’ लावून येतो. ती अक्षरं कापणारी सेडची ओळ इथे लागत नाही, निरुपद्रवी आहे, पण काढून टाकलेली बरी.